लोकांकडे पाठ, लोकांकडे तोंड : मोइशे ऑयशर आणि यिडिश रंगभूमीचे खझन

प्रश्न असा आहे : ज्यू प्रार्थनागायक हा धर्मकार्य करणारा माणूस, मग तोच यिडिश नाटकात नट म्हणून कसा उभा राहायचा? समाज ते चालवून कसं घ्यायचा? आणि अशा माणसाचं आयुष्य प्रत्यक्षात कसं जायचं?

उत्तर कोण देतोय ते आधी सांगतो. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातला. आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, बरीच वर्षं हझान (प्रार्थनागायक) म्हणून प्रार्थना चालवतो, आणि तरुणपणी हौशी मंडळींच्या संगीत नाटकांत पदंही म्हटली आहेत. आमची परंपरा कोकणातली. पूर्व युरोपातल्या ज्यूंची यिडिश आमच्या घरात कधीच कुणी बोललं नाही. पण तिथल्या प्रार्थनागायकांच्या, म्हणजे खझनांच्या, जुन्या तबकड्या मी खूप ऐकल्या आहेत. एकाच गळ्याने दोन ठिकाणी गायचं म्हणजे काय, याचा थोडा अनुभवही आहे.

थोडक्यात सांगायचं तर, यिडिश रंगभूमी खझनांच्या हाताखाली तयार झालेल्या पोरांनीच उभी केली. त्यामुळे ‘प्रार्थनागायक नाटकात कसा गेला’ यापेक्षा ‘न जाता राहिला कसा’ हा प्रश्न कधी कधी जास्त बरोबर ठरतो.

पूर्व युरोपातल्या मोठ्या खझनाकडे मुलांचा ताफा असे. गरीब घरातली, गोड गळ्याची आठ-दहा वर्षांची पोरं त्याच्याकडे राहत, त्याच्यामागे उभी राहून सूर धरत आणि सणासुदीला गावोगाव फिरत. जेवण आज या घरी, उद्या त्या घरी. तालीम मात्र कडक असे. स्वरलिपी वाचायची, तीन-चार भागांत एकत्र गायचं, दमसास राखायचा. मग एक दिवस आवाज फुटायचा आणि पोरगा रस्त्यावर यायचा. खझन होण्याइतकं धर्माचं शिक्षण झालेलं नसे, दुसरा धंदा येत नसे. १८७६ साली रोमानियातल्या याश गावी अब्राहम गोल्डफाडेनने व्यावसायिक यिडिश नाटक सुरू केलं, तेव्हा त्याला अशीच माणसं हवी होती. पुढच्याच वर्षी बुखारेस्टमध्ये सिग्मुंड मोगुलेस्को त्याच्या मंडळीत आला. निसी बेल्झर या नामांकित खझनाच्या ताफ्यात वाढलेला हा मुलगा पुढे यिडिश रंगभूमीचा सर्वांत लाडका विनोदी नट झाला.

बोरिस टोमाशेफ्स्कीसुद्धा त्याच ताफ्यातला. १८८१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, दिवसा विड्यांच्या कारखान्यात काम करू लागला आणि सणावाराला सिनेगॉगमध्ये गाऊ लागला. १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधलं पहिलं यिडिश नाटक लागलं, त्याच्या मुळाशी हाच मिसरूडही न फुटलेला पोरगा होता. नाटकाला पैसे कुणी दिले? टोमाशेफ्स्कीच पुढे सांगायचा, तो गात असे त्या सिनेगॉगच्या एका विश्वस्ताने, आणि त्या गृहस्थांचा दारूचा गुत्ता होता. देऊळ, गुत्ता आणि नाटक एकाच माणसाच्या खिशात. पुढच्या वर्षी झारने रशियात यिडिश नाटकांवर बंदी घातली आणि नटांचा लोंढा लंडनकडे आणि न्यूयॉर्ककडे वळला.

आता एक माणूस धरून बोलू. मोइशे ऑयशर. हा ताफ्यातून बाहेर पडलेला पोरगा नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या खझन असलेल्या घराण्यातला. जन्म बेसारेबियातल्या लिपकान गावचा, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. हे गाव आज मोल्दोवाच्या उत्तर टोकाला आहे. १९२१ मध्ये, वयाच्या पंधरा वर्षांच्या आसपास, तो कॅनडात आला आणि विशीत पोहोचेपर्यंत फिरत्या यिडिश नाटक मंडळ्यांत रुळला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण अमेरिकेचा दौरा झाला. ब्युनोस आयर्समध्ये तेव्हा यिडिश प्रेक्षक भरपूर होता. तिथून न्यूयॉर्कला परतला आणि तिथे त्याने वाडवडिलांचं काम हाती घेतलं. लोअर ईस्ट साइडमधल्या रिव्हिंग्टन स्ट्रीटवर रोमानियन ज्यूंचं एक मोठं सिनेगॉग होतं. तिथला आवाजाचा घुमारा इतका नामी की खझन मंडळी त्याला आपलं कार्नेगी हॉल म्हणत. ऑयशर तिथे प्रार्थनेला उभा राहिला.

आणि ओरड झाली. नट म्हणून रंग फासणारा, बायकांबरोबर प्रेमाची द्वंद्वगीतं गाणारा माणूस आमच्या वतीने देवापुढे कसा उभा राहतो?

हा आक्षेप कर्मठांचा पोकळ आरडाओरडा समजून सोडून देऊ नका. त्याला शास्त्राधार आहे. प्रार्थना चालवणारा म्हणजे समाजाने देवाकडे पाठवलेला वकील. उपवासाच्या दिवशी कुणाला पुढे करावं याची लक्षणं तालमुद या प्राचीन धर्मग्रंथात दिली आहेत : घरात खाणारी तोंडं आणि कमाई तोकडी असलेला, म्हणजे कळवळून मागेल असा, नम्र, लोकांना पसंत, गळा गोड, आणि तरुणपणापासून ज्याच्या नावाला बट्टा नाही असा. गोड गळा यादीत आहे, पण एकटा नाही. सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेत आणखी एक बजावणी आहे : आपला सुंदर आवाज लोकांना ऐकवायला जो प्रार्थना लांबवतो, त्याचं करणं बरं नव्हे, लोकांना त्रास होतो. हे वाक्य मी स्वतःला दर योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपवासाला, आठवून देतो. चांगला सूर लागला की तो सोडवत नाही, हे कुठल्याही गायकाला सांगायला नको.

पण ओरडणाऱ्यांचंही बघा. यिडिश नाटकांचे चांगले खेळ शुक्रवारी रात्री आणि शनिवारी लागत, म्हणजे ऐन शब्बाथला, आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, जेव्हा पैशाला हात लावायचा नाही आणि विस्तव पेटवायचा नाही. थिएटर तरी भरलेलं असे. हचिन्स हॅपगुड या पत्रकाराने १९०२ मध्ये लिहून ठेवलंय की शुक्रवारी एखादा नट भूमिकेची गरज म्हणून तोंडात विडी घेऊन आला, की गॅलरीतून लोक त्याच्यावर ओरडत : लाज वाटत नाही, शब्बाथला धूर काढतोस! स्वतः नाटकाला येऊन बसलेलेच हे लोक. म्हणजे नटाला शिव्या देऊन आपला धर्म राखायचा आणि तिकिटाचे पैसेही वसूल करायचे. ऑयशरला विरोध करणारे आणि त्याला ऐकायला गर्दी करणारे असे दोन वेगळे गट होते, हे मला पटत नाही. पुष्कळदा तीच माणसं असणार.

संगीताच्या अंगाने दोन्ही कामांत फरक किती? लोकांना वाटतं त्याहून कमी, आणि जिथे आहे तिथे फार मोठा.

आधी सारखेपणा. प्रार्थनेची प्रत्येक वेळ ठरावीक स्वरचौकटीत बांधलेली असते : शब्बाथच्या सकाळची वेगळी, सणाची वेगळी, किप्पूरची आणखी वेगळी. चौकटीत राहून खझन त्या क्षणी सुचेल तसा विस्तार करतो. आपल्याकडे गाणं शिकलेल्याला हे समजावून द्यावं लागत नाही. त्यांच्या एका आवडत्या चौकटीत कोमल रिषभ, शुद्ध गांधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद लागतात. पेटीवर वाजवून बघा, आपल्या बसंत मुखारीचे स्वर मिळतील. भाव मात्र बसंत मुखारीचा नाही. खझन गांधारावर वेगळा रेंगाळतो, आणि ओळ संपवताना गळ्यात हुंदका आल्यासारखा स्वर तोडतो. हाच हुंदका, हीच गरगर फिरणारी हरकत यिडिश नाटकाच्या पदांत जशीच्या तशी येते. ऑयशरकडे त्याखेरीज बेसारेबियाचा ठसका होता. रोमानियन मेंढपाळांची ‘दोइना’ नावाची तालमुक्त विलापिका असते, तिचा रंग तो प्रार्थनेत आणायचा आणि मग एकदम लयीत उडी घ्यायचा. शब्द सोडून नुसत्या ‘बाम-बाम’, ‘आय-दि-दाय’ अशा अक्षरांवर तो इतका खेळायचा की जॅझवाल्यांनी कान टवकारावेत.

आता फरक. खझन पवित्र ग्रंथांच्या कपाटाकडे तोंड करून उभा असतो, जुन्या पद्धतीत लोकांकडे पाठ करून. चेहरा कुणाला दिसत नाही, हातवारे फुकट जातात, सगळं काम आवाजावर. शब्बाथला वाद्य नाही. ध्वनिक्षेपक तर ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुन्या नियमांनी चालणाऱ्या, बहुतेक सिनेगॉगमध्ये त्या दिवशी आजही नाही. रंगमंचावर समोर दिवे, खाली वाद्यवृंद, मात्रा मोजलेल्या, आणि पहिल्या ओळीतला माणूस तुमच्या भुवया बघतोय. प्रार्थनेत श्वास कुठे घ्यायचा ते शब्द ठरवतात. नाटकात संगीत-दिग्दर्शकाची काठी ठरवते. संगीत नाटकाच्या तालमीत मला जे सर्वांत जड गेलं ते हेच : सूर तोच, पण आपण कुणासाठी थांबायचं ते बदललेलं. सिनेगॉगमध्ये पद संपल्यावर टाळी नाही, ‘वन्स मोअर’ नाही. लोक ‘आमेन’ म्हणतात आणि पुढचं पान उलटतात. टाळीची सवय लागलेल्या गळ्याला ही शांतता पचायला वेळ लागतो.

पैशाचा भाग लोक लाजून टाळतात. अमेरिकेत सिनेगॉग सरकारी पैशावर चालत नव्हतं. रोश हशाना (नवं वर्ष) आणि योम किप्पूर या दिवसांची आसनं विकून वर्षाचा खर्च निघे, आणि आसनं खपायची तर नामांकित खझन हवा. त्या दिवसांत नाटकगृहं आणि सभागृहं भाड्याने घेऊन तात्पुरती सिनेगॉगं उभी राहत, भिंतीवर खझनाच्या नावाची जाहिरात लागे. काल जिथे नाटक होतं तिथे आज प्रार्थना, खुर्च्या त्याच. अशा बाजारात खझन आणि नट यांच्यातली भिंत किती जाड राहणार?

ती भिंत जपणारा माणूसही होता, आणि त्याचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. योसेले रोझेनब्लाट, जन्म १८८२, युक्रेनमधल्या बिला त्सेरक्वाचा. मुंकाच, प्रेसबुर्ग, हॅम्बुर्ग करत १९१२ मध्ये न्यूयॉर्कला आला. त्याच्या तबकड्या घराघरात होत्या. १९१८ मध्ये शिकागो ऑपेराने त्याला एका रात्रीचे १००० डॉलर देऊ केले. भूमिका ज्यू माणसाचीच, शुक्रवारी गायचं नाही, दाढी काढायची नाही, सगळं मान्य. तरी त्याने नकार दिला. देवळातला आवाज ऑपेरात नेणार नाही. सगळ्या ज्यू जगात वाहवा झाली. पुढे एका धार्मिक यिडिश वर्तमानपत्रात त्याने पैसा घातला, ते बुडालं, आणि १९२५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. कर्ज फेडायला तो गेला कुठे? व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे कसरतवाले, विदूषक आणि नाचणाऱ्या मुली यांच्या मधल्या एका प्रवेशात, टोपी-कोट घालून, शब्बाथ पाळून. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’ या गाजलेल्या चित्रपटात तो स्वतःच्याच नावाने दिसतो, पण योम किप्पूरच्या संध्याकाळची पवित्र प्रार्थना ‘कोल निद्रे’ म्हणायला त्याने तिथेही नकार दिला आणि दुसरं गाणं म्हटलं. १९३३ मध्ये जेरुसलेममध्ये त्याचं निधन झालं. एका चित्रपटाच्याच कामासाठी तो तिथे गेला होता. ऑपेराला नाही म्हटलं म्हणून त्याला संत करतात. मला तो जास्त मोठा वाटतो व्हॉडव्हिलमध्ये, कारण तिथे त्याला रोज रात्री नव्याने रेघ ओढावी लागत होती.

ऑयशरने अशी रेघ ओढली नाही. तो दोन्हीकडे राहिला, आणि वर लोकांच्या मनातली ही कुचंबणा त्यांनाच विकली. त्याचे तीन यिडिश चित्रपट बघा. १९३७ चा ‘द कँटर्स सन’ : खझनाचा मुलगा घरातून पळून नाटकवाल्यांबरोबर जातो, अमेरिकेत नाव काढतो आणि शेवटी गावाकडे, आईबापाकडे आणि बालपणीच्या मैत्रिणीकडे परततो. १९३८ चा ‘द सिंगिंग ब्लॅकस्मिथ’, डेव्हिड पिन्स्कीच्या नाटकावरचा : इथे तो गाणारा, पिणारा, बायकांमागे फिरणारा लोहार, पुन्हा वळणावर येणारा. दिग्दर्शक एडगर उल्मर. न्यू जर्सीच्या माळावर अख्खं खेडं उभारलं होतं. माझ्या मते नट म्हणून ऑयशरचं हे सर्वांत मोकळं काम. त्याच्यावर पावित्र्याचं ओझं नाही, म्हणून असेल.

आणि १९४० चा ‘ओव्हर्चर टू ग्लोरी’. तो एका खऱ्या माणसावरच्या दंतकथेवर बेतला आहे. योएल-डोविद स्ट्राशुन्स्की (१८१६–१८५०) हा विल्ना (आजच्या लिथुआनियातलं विल्नियस) शहराचा खझन, पोरवयातच प्रसिद्ध झालेला. दंतकथा सांगते की पोलिश संगीतकार मोनियुश्कोच्या नादाने त्याला युरोपीय संगीताची ओढ लागली, तो वॉर्साला गेला आणि तिथे त्याचं मन हरवलं. चित्रपटात त्याचा मुलगा मागे मरतो, ऑपेराच्या रंगमंचावर त्याचा आवाज अडतो. भणंगासारखा पायी चालत तो योम किप्पूरच्या संध्याकाळी विल्नाला पोहोचतो, कोल निद्रे म्हणतो आणि कोसळतो. एवढा रडवा शेवट, पण ऑयशर ज्या ताकदीने कोल निद्रे म्हणतो त्यापुढे पटकथेचं काही चालत नाही. हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये लागला तेव्हा खऱ्या विल्नाच्या ज्यूंना दीड वर्षही उरलं नव्हतं. जून १९४१ मध्ये जर्मन तिथे शिरले.

यातली गंमत लक्षात घ्या. पडद्यावर प्रत्येक वेळी ‘रंगभूमीवर गेलास तर मरशील, घरी परत ये’ असं सांगणारा माणूस स्वतः रंगभूमीवर, पडद्यावर, रेडिओवर आणि सिनेगॉगमध्ये एकाच वेळी गात होता, आणि मजेत होता. खझन-नटाची शोकांतिका हा यिडिश नाटकाचा हुकमी माल होता. प्रेक्षकांनी स्वतः गाव सोडलेलं, शब्बाथला कारखान्यात काम केलेलं, बापाची दाढी विसरलेली. त्यांची टोचणी कुणीतरी पडद्यावर भोगून दाखवायला हवी होती. म्हणून अशा गायकाचं चरित्र वाचताना चित्रपटाची कथा त्याच्या आयुष्यावर चिकटवू नका; लेखसुद्धा ही चूक सर्रास करतात.

खरी कोंडी कुणाची झाली ते बघायचं तर त्याच्या बहिणीकडे बघा. फ्रायडेले ऑयशर, त्याच घरातली, त्याच तालमीतली. पण ऑर्थोडॉक्स सिनेगॉगमध्ये बाईने प्रार्थना चालवायची नाही. मग ती नाटकात मुलाचे कपडे घालून खझनाच्या चिजा गायची, मैफलींत गायची. अशा गायिकांची एक अख्खी फळीच तेव्हा होती. सोफी कुर्त्झर, बास शेवा ही त्यातली काही नावं. भावाला रंगभूमीवर गेल्याबद्दल बोल लावला गेला, बहिणीला रंगभूमीखेरीज जागाच नव्हती. नाटक हे धर्माचं शत्रू होतं म्हणणाऱ्यांनी या बायकांचं गाणं आज कुठल्या जागी ऐकायला मिळालं असतं ते सांगावं. फ्रायडेलेची मुलगी मॅरिलिन मायकल्स पुढे अमेरिकेत नकलाकार म्हणून गाजली.

महायुद्धानंतर प्रेक्षकच उरला नाही. युरोपातला मारला गेला, अमेरिकेतल्यांची मुलं इंग्रजी बोलू लागली. याच काळात रिचर्ड टकर हा ब्रुकलिनचा खझन १९४५ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरात दाखल झाला आणि सणाला प्रार्थनाही चालवत राहिला. कुणी फारशी ओरड केली नाही. ऑपेरा प्रतिष्ठेचा, यिडिश नाटक आपल्यातलं, म्हणून हलकं. ऑयशरने १९५६ मध्ये एक इंग्रजी चित्रपट केला, ‘सिंगिंग इन द डार्क’. छळछावणीतून वाचलेला, स्मृती गेलेला माणूस, ज्याचा गळा मात्र त्याला विसरलेला नाही. अमेरिकेत या विषयावर इतक्या लवकर चित्रपट काढणारे फार थोडे. त्यातली काही दृश्यं बर्लिनच्या उद्ध्वस्त सिनेगॉगमध्ये घेतलेली आहेत. चित्रपट म्हणून तो अर्धवट आहे, विनोद आणि शोक एकमेकांच्या पायात येतात. हृदयाच्या दुखण्याने १९५८ च्या नोव्हेंबरात ऑयशर गेला, पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. रिव्हिंग्टन स्ट्रीटच्या त्या सिनेगॉगचं छत जानेवारी २००६ मध्ये कोसळलं आणि इमारत पाडावी लागली.

ऐकायला कुठून सुरुवात करावी, हेही बरेच जण विचारतात. आधी रोझेनब्लाटची कुठलीही प्रार्थना ऐका, म्हणजे शुद्ध घराणं कानात बसेल. त्याचं खोट्या आवाजातलं वरचं सप्तक विशेष लक्ष देऊन ऐका. मग ऑयशरचं ‘अमार रब्बी एलोझोर’, वृंदासह. तिथे प्रार्थना आणि नाट्यपद यांची गाठ कुठे पडते ते सांगता येत नाही. त्यानंतर १९५० च्या दशकात संगीतकार शोलोम सेकुंडाबरोबर त्याने केलेली सेदेरची, म्हणजे पेसाह सणाच्या रात्री घरी होणाऱ्या विधीची, तबकडी. सेकुंडाही लहानपणी बालखझन म्हणून मिरवलेला, पुढे यिडिश नाटकांचा संगीतकार. त्यातलं ‘खाद गाद्या’ चुकवू नका. बापाने दोन नाण्यांना घेतलेलं करडू, त्याला खाणारं मांजर, मांजराला चावणारा कुत्रा अशी वाढत जाणारी साखळी, आणि प्रत्येक फेरीला ऑयशरची लय चढत जाते. आपल्याकडे पेसाहची हगादा, म्हणजे त्या विधीची पोथी, मराठीत पुण्यात १८७४ सालीच छापली गेली. घरात जुनी प्रत असेल तर ती उघडून बसा आणि सेदेरचा क्रम पुढे ठेवून ही तबकडी लावा, यिडिश-हिब्रू न कळताही आपण कुठे आहोत ते कळत राहतं. चित्रपटांपैकी आधी लोहाराचा बघा, विल्नाचा नंतर. उलट क्रमाने पाहिलात तर लोहार पोरकट वाटेल.